कॉर्टिसॉल ११.६ आलं आणि रिपोर्टवर स्टार नव्हता: सेप्टिक शॉकमधल्या एका आजींची केस

आमच्या आयसीयूत नवीन आलेला प्रत्येक रेसिडेंट कधी ना कधी एक प्रश्न विचारतोच, "सर, सेप्टिक शॉकमध्ये कॉर्टिसॉल पाठवायचं का, आणि पाठवलं तर आलेल्या आकड्याचं करायचं काय?" सेप्टिक शॉक म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनून (सेप्सिस) बीपी कोसळणं, आणि कॉर्टिसॉल म्हणजे किडनीच्या वरच्या ॲड्रिनल ग्रंथींतून येणारं, ताण झेलायला लागणारं स्टिरॉइड हार्मोन. उत्तर दोन वाक्यांत देता येतं पण ते डोक्यात राहत नाही. ह्या आजी मात्र माझ्या डोक्यातून गेलेल्या नाहीत, म्हणून त्यांची केस सविस्तर लिहितोय. ओळख पटू नये म्हणून वय आणि बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

आजी मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या, साठी ओलांडलेल्या, पहाटे अडीचच्या सुमाराला आल्या. दोन दिवस थंडी वाजून ताप, उजव्या कुशीत दुखणं, उलट्या, आदल्या दुपारपासून लघवी जवळजवळ नाहीच. तालुक्याला दोन सलाईन लावून पुढे पाठवलेलं. आल्या तेव्हा बीपी ७०/४०, नाडी १३०, लॅक्टेट (पेशींना रक्त कमी पोचल्याची खूण) ५.८, शुगर ६२, सोडियम १२८, पांढऱ्या पेशी १९,४००. सीटीत उजव्या मूत्रवाहिनीत ९ मिलिमीटरचा खडा अडकलेला आणि वरची किडनी फुगलेली. निदान सरळ होतं, युरोलॉजिस्ट तासाभरात आले, लघवीची वाट मोकळी करणारी बारीक नळी, म्हणजे डीजे स्टेंट, टाकला, वरून अक्षरशः पू आला. भूल देताना बीपी आधीच तळाला होतं म्हणून ॲनेस्थेटिस्टनी इटोमिडेट हे बीपी फारसं न पाडणारं भुलीचं औषध वापरलं, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मेरोपेनेम सुरू झालं, नंतर कल्चरमध्ये ईएसबीएल वाला, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिकना न जुमानणारा, ई. कोलाय जंतू आला म्हणजे अँटिबायोटिकही बरोबरच होतं.

पू निघाला, योग्य अँटिबायोटिक गेलं, फ्लुइड भरलं, तर पुढच्या काही तासांत नॉरॲड्रिनलिन, म्हणजे बीपी धरून ठेवणारं औषध (व्हॅसोप्रेसर), हळूहळू खाली यायला लागतं, निदान वर तरी जात नाही. इथे उलटं झालं. सकाळी दहापर्यंत नॉरॲड्रिनलिन ०.४२ मायक्रोग्रॅम पर किलो पर मिनिटवर, सोबत तसंच दुसरं औषध व्हॅसोप्रेसिन ०.०३ युनिट, आणि मीन प्रेशर, म्हणजे सरासरी बीपी, कसंबसं ६३-६४. इको केला, हृदय चांगलं दाबत होतं, आयव्हीसी ही हृदयाकडे जाणारी मोठी शीर भरलेली, म्हणजे फ्लुइडही पुरेसं. आणखी कुठे इन्फेक्शन लपलंय का म्हणून सीटी परत बघितला, नव्हतं.

नॉरॲड्रिनलिन ०.२५ च्या वर जाऊन चार तास होऊन गेले होते. २०२१ च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस गाइडलाइनमध्ये हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपी कॉर्टिसॉल, सुरू करायला हीच रेघ धरलीय, दिवसाला २०० मिलिग्रॅम. ५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी सुरू केलं. पहिला डोस जायच्या आधी रेसिडेंटनं कॉर्टिसॉलचं सॅम्पल काढून ठेवलं. रिपोर्टची वाट बघितली नाही, बघायचीही नसते.

संध्याकाळी रिपोर्ट आला, कॉर्टिसॉल ११.६ मायक्रोग्रॅम पर डेसिलिटर. लॅबच्या कागदावर समोर नॉर्मल रेंज छापलेली, सकाळी ५ ते २५, त्यामुळे आकड्यापुढे स्टार नाही, लाल अक्षर नाही. रेसिडेंट म्हणाला, "सर, नॉर्मल आलंय." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही कारण कागद तेच सांगत होता. पण ती रेंज कोणाची? रात्रभर झोपून उठलेल्या, सकाळी आठला खुर्चीत बसून हात पुढे केलेल्या माणसाची. ज्याचं बीपी ७० आहे, ज्याच्या किडनीत पू आहे, त्याच्या ॲड्रिनलनी त्या वेळी जीव तोडून काम करायला हवं. अशा माणसात ११.६ ला नॉर्मल म्हणणं म्हणजे घराला आग लागलेली असताना नळाला रोजच्याएवढं पाणी आलं म्हणून समाधान मानणं.

मग कमी म्हणायचं का? इथेच खरी अडचण आहे आणि ह्यावर जगभरातल्या लोकांनी वीसेक वर्षं डोकं घासलंय.

कॉर्टिसॉलचा साधारण ९० टक्के भाग रक्तात प्रोटीनला चिकटून फिरतो, मुख्यतः कॉर्टिसॉल बाइंडिंग ग्लोब्युलिनला आणि थोडा अल्ब्युमिनला, आणि काम करतो तो उरलेला मोकळा भाग. सेप्सिसमध्ये ही दोन्ही प्रोटीन खाली येतात. आपण लॅबमध्ये मोजतो ते टोटल, म्हणजे मोकळं कॉर्टिसॉल भरपूर असूनही टोटल कमी दिसू शकतं. २००४ च्या एका अभ्यासात अल्ब्युमिन २.५ पेक्षा कमी असलेल्या गंभीर पेशंटपैकी जवळजवळ ४० टक्के लोकांचं टोटल कॉर्टिसॉल अपेक्षेपेक्षा कमी निघालं होतं आणि त्यांच्या ॲड्रिनल ठणठणीत होत्या. आमच्या आजींचं अल्ब्युमिन २.१. म्हणजे ११.६ चं पहिलं निरुपद्रवी कारण इथेच मिळालं.

दुसरं कारण इटोमिडेट. ते ॲड्रिनलमधलं ११-बीटा-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम अडवतं, कॉर्टिसॉल तयार व्हायची शेवटची पायरीच बंद पडते, आणि एकाच डोसचा परिणाम दिवसभर किंवा त्याहून जास्त राहू शकतो. आमचं सॅम्पल इटोमिडेटनंतर सहा-सात तासांत काढलेलं. म्हणजे हा आकडा आजींच्या ॲड्रिनलचा का त्या औषधाचा, हे त्या दिवशी कोणालाच सांगता आलं नसतं.

तिसरी शक्यता, आजींची ॲड्रिनल यंत्रणा खरोखरच आधीपासून बंद पडलेली असणं. ती यादीत होती पण शेवटी. घरच्यांना "आधीची कुठली औषधं चालू आहेत?" असं रात्री विचारलं होतं, मुलगा म्हणाला "काहीच नाही," आणि फाइलवर तसंच लिहिलं गेलं.

उत्तेजन चाचणी का नाही केली, असं कोणी विचारेल. सिनॅक्थेन म्हणजे कृत्रिम एसीटीएच (ॲड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायला सांगणारं पिट्युटरीचं हार्मोन) २५० मायक्रोग्रॅम देऊन तासाभरात कॉर्टिसॉल किती वाढतं हे बघायचं, ९ पेक्षा कमी वाढलं तर पेशंट 'नॉन-रिस्पॉन्डर'. २००२ साली फ्रान्समधली ३०० पेशंटची ट्रायल आली तेव्हा ह्या नॉन-रिस्पॉन्डर लोकांनाच स्टिरॉइडचा फायदा दिसला होता, त्यामुळे सगळीकडे चाचणीची लाट आली. मग २००८ ला युरोपातली ४९९ पेशंटची कॉर्टिकस ट्रायल आली आणि तिच्यात रिस्पॉन्डर असो वा नॉन-रिस्पॉन्डर, मृत्यूत फरकच पडला नाही, फक्त शॉक लवकर उतरला. २०१७ च्या अमेरिका-युरोपच्या संयुक्त गाइडलाइननं रँडम कॉर्टिसॉल १० पेक्षा कमी किंवा वाढ ९ पेक्षा कमी हे निकष ठेवले खरे, पण एकच खात्रीची टेस्ट कोणती यावर त्यांचंही एकमत झालं नाही. शिवाय आपल्याकडे सिनॅक्थेन सहज मिळत नाही, बरेच एंडोक्रायनॉलॉजिस्ट ॲक्टन प्रोलाँगॅटम ह्या हळू सुटणाऱ्या एसीटीएचचं इंजेक्शन स्नायूत देऊन ही चाचणी करतात आणि ओपीडीत ती छान चालते, पण शॉकमधल्या, सगळीकडे सूज आलेल्या, स्नायूंना रक्त कमी पोचणाऱ्या पेशंटमध्ये स्नायूतून औषध किती आणि कधी शोषलं जाईल यावर माझा तरी भरवसा नाही.

आणि मुळात शॉकसाठी स्टिरॉइड द्यायचं की नाही हे ठरवायला आता टेस्ट लागतच नाही. २०१८ ला दोन मोठ्या ट्रायल लागोपाठ आल्या. ॲड्रिनल नावाच्या ट्रायलमध्ये ३,८०० पेशंट होते, ९० दिवसांतले मृत्यू २७.९ आणि २८.८ टक्के, म्हणजे फरक नाही, पण शॉक साधारण एक दिवस आधी उतरला. फ्रान्सच्या १,२४१ पेशंटच्या ट्रायलमध्ये हायड्रोकॉर्टिसोनसोबत फ्लुड्रोकॉर्टिसोन हे दुसरं स्टिरॉइड दिलं होतं, तिथे मृत्यू ४३ टक्के विरुद्ध स्टिरॉइड न मिळालेल्यांत ४९.१. स्टिरॉइड कोणाला द्यायचं हे दोन्हीकडे कॉर्टिसॉल बघून ठरवलेलं नव्हतं.

म्हणून मी त्या संध्याकाळी रेसिडेंटला सांगितलं की हा आकडा फाइलमध्ये लिही, पण त्यावरून आज काहीच बदलायचं नाही. वाक्य बरोबर होतं. चूक पुढे झाली, आणि ती माझी होती.

हायड्रोकॉर्टिसोन सुरू झाल्यावर चौदाएक तासांत नॉरॲड्रिनलिन ०.४२ वरून ०.०८ वर आलं. राउंडला सगळ्यांचे चेहरे उजळले. पण इतक्या झटकन उतरलं म्हणजे ॲड्रिनल आधीपासून कमजोर होती, असं म्हणता येत नाही, कारण पू निघूनही बराच वेळ झाला होता आणि शॉक तर चांगल्या ॲड्रिनलवाल्यांचाही स्टिरॉइडनं लवकर उतरतो. तिसऱ्या दिवशी व्हॅसोप्रेसर बंद, चौथ्या दिवशी श्वासाची नळी काढली, आजी बसून चहा पिल्या. सहाव्या दिवशी सकाळी हायड्रोकॉर्टिसोन बंद केलं. टेपर, म्हणजे डोस हळूहळू कमी करत नेणं, केलं नाही. २०१८ च्या दोन्ही ट्रायलमध्येही टेपर न करताच थांबवलं होतं, त्यामुळे ह्यात वेगळं असं काही नव्हतं. सातव्या दिवशी वॉर्डात शिफ्ट. ११.६ तसंच फाइलमध्ये पडून राहिलं, ट्रान्सफर समरीत त्याचा उल्लेखसुद्धा मी केला नाही.

नवव्या दिवशी पहाटे वॉर्डातून फोन. आजी झोपाळल्यासारख्या, रात्री दोन उलट्या, बीपी ८४/५०, शुगर ५२, सोडियम १२४. वॉर्डात सगळ्यांना वाटलं सेप्सिस परत आला, आणि ते वाटणं साहजिकच होतं, नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये असलेला पेशंट, स्टेंट आत, कॅथेटर आत. कल्चर पाठवली, कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं अँटिबायोटिक आणा म्हणून चिठ्ठी लिहिली, एक लिटर फ्लुइड दिलं, बीपी ८८.

मी पोचलो तेव्हा सिस्टर जुनी आयव्ही काढत होत्या. चिकटपट्टी ओढली तर तिच्यासोबत कातडीचा पातळ पापुद्रा निघून आला, सिगारेटच्या कागदासारखा, आणि खाली जांभळट डाग. सिस्टर म्हणाल्या, "सर, ह्यांची कातडी पहिल्या दिवसापासून अशीच आहे, आयसीयूतल्या सिस्टरनी ओव्हरला सांगितलं होतं जपून काढा म्हणून." म्हणजे ही गोष्ट नर्सिंगच्या ओव्हरमध्ये, ड्यूटी बदलताना, रोज सांगितली जात होती आणि डॉक्टरांच्या राउंडला एकदाही आली नव्हती. मी आजींकडे नीट बघितलं. चेहरा गोल, गाल भरलेले, मानेच्या मागे चरबीचा उंचवटा, हातपाय मात्र काडीसारखे. आयसीयूत तो गोल चेहरा आम्ही चार लिटर फ्लुइडच्या सुजेच्या खात्यावर टाकला होता, आणि दंडावरचे जांभळे डाग सेप्सिस आणि कमी प्लेटलेटच्या.

ताप नव्हता. प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे इन्फेक्शनची रक्तातली खूण, उतरत चाललेलं. सीबीसीत पांढऱ्या पेशी ९,८०० आणि त्यात इओसिनोफिल ह्या जातीच्या ९ टक्के. इथे मी थांबलो. अंगात स्ट्रेस असेल, कॉर्टिसॉल भरपूर असेल तर इओसिनोफिल रक्तातून जवळपास नाहीसे होतात. पहिल्या दिवशीचा रिपोर्ट काढला, १९,४०० मध्ये इओसिनोफिल ४ टक्के, म्हणजे सातशेच्या वर. भर सेप्टिक शॉकमध्ये, जिथे शून्याच्या आसपास असायला हवेत. हा फुकटचा, प्रत्येक फाइलमध्ये असलेला आकडा आम्ही कोणी वाचला नव्हता. त्यावरून निदान होत नाही, पण विचार करायला भाग पाडायला तो पुरेसा असतो.

बाहेर सूनबाई बसलेल्या. ह्या वेळी मी "औषधं कोणती" असं विचारलंच नाही. विचारलं, "आजींचे गुडघे दुखतात का? त्यासाठी काय घेतात?" त्या लगेच म्हणाल्या, "आत्याबाई पुड्या घ्यायच्या ना सर, पाच-सहा वर्षं झाली. आठवडी बाजारात एक जण यायचा. जडीबुटीच्या आहेत, ते काय औषध नाही." मग आपणहूनच सांगितलं, "पोळ्यानंतर तो आलाच नाही, पुड्या संपल्या. तेव्हापासून अंग मोडून यायचं, जेवण जात नव्हतं, नुसत्या पडून असायच्या. मग हा ताप आला." नातवाला सांगून त्यांनी घरून पत्र्याचा डबा मागवला. दुपारी डबा आला, तळाशी एक चुरगळलेली पुडी, तपकिरी भुकटी, आणि तिच्यात कात्रीनं कापलेल्या स्ट्रिपचा एक तुकडा. पन्नीवर नावाचा शेवटचा भाग उरला होता, 'मेथासोन' एवढाच. डेक्सा की बीटा कळायला मार्ग नव्हता, पण दोन्ही स्टिरॉइडच आणि दोन्ही जबरदस्त ताकदीचे. गोल चेहरा, पातळ कातडी, जांभळे डाग, सगळं त्यांचंच.

डबा यायच्या कितीतरी आधी, सूनबाईंचं वाक्य संपताच, कॉर्टिसॉल आणि एसीटीएचचं सॅम्पल काढलं, एसीटीएचची ट्यूब बर्फात ठेवून लॅबला पळवली, आणि त्याच शिरेतून १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, सोबत डेक्स्ट्रोज आणि नॉर्मल सलाईन. तीन तासांत बीपी ११०/७०. संध्याकाळी आजी सुनेला विचारत होत्या, म्हैस कोण पिळतंय. कोलिस्टिन मागवलं होतं ते परत पाठवलं, पुढे कल्चर सगळी निगेटिव्ह आली.

रिपोर्ट, कॉर्टिसॉल २.१, एसीटीएच ६ पिकोग्रॅम, दोन्ही कमी. आता हा आकडा मात्र बोलत होता. इटोमिडेटला आठ दिवस होऊन गेले होते. अल्ब्युमिन २.६ होतं, त्यानं एवढी घसरण होत नाही. आम्ही दिलेलं हायड्रोकॉर्टिसोन तीन दिवसांपूर्वीच बंद झालेलं आणि पाच-सहा दिवसांच्या कोर्सनं अशी यंत्रणा सहसा बसत नाही. लांबलेल्या गंभीर आजारात एसीटीएच एरवीही कमी असू शकतं, कारण तिथे शरीर कॉर्टिसॉलचं विघटन कमी करून पातळी टिकवून धरतं, बेल्जियमच्या ल्युवेन गटानं २०१३ साली हे फार सुंदर दाखवलंय. पण मग कॉर्टिसॉल टिकलेलं दिसायला हवं, २.१ नव्हे. पोटॅशियम ४.१, अगदी नॉर्मल, म्हणजे ॲड्रिनलचं मीठ-पोटॅशियम सांभाळणारं दुसरं हार्मोन, अल्डोस्टेरॉन, शाबूत, बिघाड ॲड्रिनलच्या वर, पिट्युटरी-हायपोथॅलॅमसच्या पातळीवर. रेडिओलॉजिस्टला पहिल्या दिवशीचा सीटी ॲड्रिनलसाठी परत बघायला लावला. रक्तस्राव नाही, टीबी किंवा हिस्टोप्लास्मात फुगतात तशा फुगलेल्या नाहीत, उलट दोन्ही बारीक, दोऱ्यासारख्या. इतकी वर्षं बाहेरून स्टिरॉइड मिळत गेलं की आतला कारखाना बंद पडतो, आणि पुड्या अचानक संपल्या तेव्हा तो चालू झालाच नाही.

मागे वळून बघताना मला सगळ्यात जास्त हे सलतं की पहिल्या दिवशी आम्ही उपचार योग्य दिले, आणि त्या योग्य उपचारानंच निदान झाकलं गेलं. शॉकसाठी हायड्रोकॉर्टिसोन द्यायचं का, हा एक प्रश्न. ह्या माणसाची ॲड्रिनल यंत्रणा आधीपासून बिघडलेली आहे का, हा वेगळा प्रश्न. पहिल्याला टेस्ट लागत नाही म्हणून आम्ही दुसराही सोडून दिला. पहिला व्हॅसोप्रेसरच्या डोसवर सुटतो, दुसऱ्याला कातडी बघावी लागते, सोडियम-शुगर-इओसिनोफिल एकत्र वाचावे लागतात, आणि घरच्यांशी त्यांच्या शब्दांत बोलावं लागतं. आमच्या युनिटमध्ये आता शॉकच्या प्रत्येक पेशंटच्या नातेवाइकांना पुडी, काढा, वाताची गोळी, गुडघ्यातली सुई, दम्याचा पंप, गोरं व्हायचं मलम असं एकेक नाव घेऊन विचारतो, आणि हायड्रोकॉर्टिसोन बंद करायच्या दिवशी पुन्हा विचारतो, कारण पहिल्या रात्री घाबरलेल्या माणसाला काही आठवत नाही. ज्यांच्याबद्दल शंका राहते त्यांचं स्टिरॉइड एकदम न थांबवता कमी करत नेतो, मग एंडोक्रायनॉलॉजिस्ट सकाळचं कॉर्टिसॉल बघून ठरवतात.

आजी चौदाव्या दिवशी घरी गेल्या, हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळीवर, सकाळी १० आणि दुपारी ५ मिलिग्रॅम. जाताना मराठीत मोठ्या अक्षरात कार्ड लिहून दिलं, मला स्टिरॉइडची गोळी चालू आहे, ती बंद करू नका, ताप आला तर डोस दुप्पट-तिप्पट, उलट्या होत असतील तर १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लगेच. एक प्रत गावातल्या आशाताईंकडे, एक फोटो नातवाच्या मोबाइलमध्ये. महिन्याभरानं स्टेंट काढायला आल्या तेव्हा त्या दिवसासाठी वाढीव डोस दिला, काही त्रास झाला नाही.

चार महिन्यांनी, आदल्या दुपारपासून गोळी न घेता सकाळी आठला काढलेलं कॉर्टिसॉल ६.४ आलं. २०२४ च्या युरोपियन आणि अमेरिकन एंडोक्राइन सोसायट्यांच्या गाइडलाइनप्रमाणे १० च्या वर गेलं तर यंत्रणा सावरली म्हणायची, ५ ते १० च्या मधे असेल तर गोळी चालू ठेवून काही आठवडे-महिन्यांनी परत बघायचं. गोळी चालू ठेवलीय. पुढची तारीख सूनबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलीय, आणि आदल्या दिवसाच्या चौकटीत, "दुपारची गोळी नाही."